हेलिकॉप्टरकडून ड्रोनकडे वळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओवर चालणारी हेलिकॉप्टरं मी बरीच वर्षं उडवली आणि मग मल्टिरोटरकडे, म्हणजे अनेक प्रॉपच्या ड्रोनकडे, वळलो. तेव्हापासून हेली उडवणारे मित्र मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. तुम्हाला स्वॉशप्लेट, पिच कर्व्ह, आयडल-अप आणि थ्रॉटल होल्ड हे शब्द माहीत आहेत असं मी धरून चाललो आहे. अगदी नवशिक्यासाठी हे पान नाही.

हेली येत असेल तर ड्रोन आपोआप येतो का?

अर्ध्याहून जास्त येतो, पण उरलेला भाग अवघड आहे.

हेली शिकताना सगळ्यात जास्त वेळ खातं ते दिशेचं भान. नाक आपल्याकडे असलं की उजवं-डावं उलटं होतं. ही सवय एकदा अंगात मुरली की मोडत नाही आणि ड्रोनवर ती तशीच्या तशी उपयोगी पडते. रडर सतत हातात ठेवून वळण घेणं, वाऱ्यात यंत्र एका जागी धरून ठेवणं, उडण्याआधी प्रत्येक स्क्रू तपासणं, हे सगळं तुमच्यापाशी आधीच आहे. पहिल्याच दिवशी क्वाड (चार प्रॉपचा ड्रोन) हातात घेणारा माणूस महिनाभर जिथे अडतो, तिथून तुम्ही सुरुवात करता.

अडचण एकाच अंगठ्याची आहे, थ्रॉटलच्या. त्याला मात्र नव्याने शिकवावं लागतं.

असं काय वेगळं आहे थ्रॉटलमध्ये?

हेलीच्या आयडल-अपमध्ये मुख्य पात्यांचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. गव्हर्नर तो सांभाळतो आणि स्टिक हलवून आपण फक्त पात्यांचा कोन बदलतो. स्टिक मधोमध म्हणजे शून्य पिच, वर नेली की पॉझिटिव्ह, खाली नेली की निगेटिव्ह. म्हणजे स्टिकच्या दोन्ही टोकांना ताकद असते, मध्ये नसते.

साध्या क्वाडला कोन बदलणारी पाती नसतात. प्रॉपचा कोन साच्यातच ठरतो आणि जे काही होतं ते मोटरचा वेग कमीजास्त करून होतं. शून्य स्टिकच्या तळाशी असतं आणि खाली ढकलणारी ताकद नावालाही नसते. क्वाड खाली येतो तो त्याच्या वजनाने. हेली पिच खाली देऊन आपण वरून दाबून आणू शकतो, क्वाड नाही.

यातून तीन चुका होतात आणि हेलीवाल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होतात. माझ्याही झाल्या.

पहिली, स्टिक मध्यावर नेणं. काहीही गडबड झाली की हेलीवाल्याचा अंगठा नकळत मधोमध जातो, कारण तिथे शून्य पिच असते. पाच इंची प्रॉपचा ताकदवान क्वाड साधारण पाव थ्रॉटलला हवेत स्थिर राहतो. मधोमध स्टिक म्हणजे तो बाणासारखा वर जातो. घाबरून आपण स्टिक तळाशी ओढतो आणि तो दगडासारखा खाली येतो. दोन-तीन वेळा असं वर-खाली झालं की बहुतेक वेळा जमीन गाठलेली असते.

दुसरी, उलटं झाल्यावर स्टिक खाली ओढणं. हेली उलटी असताना वर ठेवायला निगेटिव्ह पिच लागते, म्हणून हात आपोआप खाली जातो. क्वाड उलटा असताना थ्रॉटल दिला तर तो आणखी जोरात जमिनीकडे जातो आणि तळाशी नेला तर नुसता पडत राहतो. म्हणून फ्लिप मारायची ती उंची मिळवून, थ्रॉटल कमी करून, आणि सरळ झाल्याबरोबर पुन्हा देऊन. लय वेगळी आहे: वर फेक, सोड, वळव, पकड.

तिसरी, सरळ खाली उतरणं. स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत बसलेली हेली कशी थरथरते हे तुम्ही पाहिलं असेल. क्वाडमध्ये हेच वारंवार होतं आणि त्याला प्रॉपवॉश म्हणतात. उपाय तोच: थोडं पुढे सरकत, तिरकं खाली या.

सुरुवातीला फ्लाइट कंट्रोलरच्या (मोटरांना हुकूम देणाऱ्या सर्किटच्या) सेटिंगमधून थ्रॉटलची मर्यादा ७० टक्क्यांच्या आसपास आणा. त्यावर चालणाऱ्या बीटाफ्लाइट या सॉफ्टवेअरमध्ये 'थ्रॉटल लिमिट' म्हणून ही सोय आहे आणि 'स्केल' निवडलं तर स्टिकचा पूर्ण प्रवास तसाच राहतो. अंगठा सरावला की मर्यादा काढा.

कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या जीपीएस ड्रोनची गोष्ट आणखी निराळी. त्यांची थ्रॉटल स्टिक स्प्रिंगने मध्यावर येते आणि मध्यावर ड्रोन आहे त्या उंचीला थांबतो. असा ड्रोन आणि हाताने उडवायचा क्वाड, दोन्ही एकाच वेळी शिकायला घेऊ नका.

जुना रेडिओ चालेल का?

बहुतेक वेळा चालतो, पण हेलीची मॉडेल मेमरी कॉपी करून अजिबात नको. सगळ्यात जास्त नुकसान मी या एका चुकीने झालेलं पाहिलं आहे. हेली मॉडेलमध्ये सीसीपीएम मिक्स असतं: पिच दिली की तीन चॅनल एकत्र हलतात. तेच सिग्नल क्वाडला गेले तर थ्रॉटल देताच तो रोल आणि पिचही करतो आणि जमिनीवरच उलटतो.

नवं मॉडेल बनवा आणि प्रकार 'विमान' निवडा. कुठलंही मिक्स नको, थ्रॉटल कर्व्ह ० ते १०० सरळ रेषेत, रेडिओतला एक्स्पो शून्य आणि ड्युअल रेट १०० टक्के. एक्स्पो आणि रेट फ्लाइट कंट्रोलरमध्ये ठरवायचे असतात. मग कंट्रोलर संगणकाला जोडून रिसीव्हरचं पान उघडा. स्टिक मध्यावर असताना आकडा १५००, टोकांना १००० आणि २००० च्या जवळ यायला हवा. चॅनलचा क्रम कंपनीनुसार बदलतो, स्पेक्ट्रममध्ये थ्रॉटल पहिला असतो तर फुताबात तिसरा. हा क्रम कंट्रोलरमध्ये एका खटक्यात बदलता येतो.

रिसीव्हरचं मात्र बघावं लागेल. प्रत्येक चॅनलला वेगळी वायर असणारे जुने रिसीव्हर आजच्या फ्लाइट कंट्रोलरवर बसत नाहीत. एसबस किंवा तत्सम, एकाच वायरवरून सगळे चॅनल देणारा रिसीव्हर हवा. नवा रेडिओ घ्यायचाच असेल तर एक्स्प्रेसएलआरएस असलेला घ्या. ही मुक्त स्रोत पद्धत आहे, पल्ला खूप आहे आणि रिसीव्हर नखाएवढे असतात.

थ्रॉटल होल्डचं बटण कुठे गेलं?

त्याच्या जागी मोटर चालू-बंद करणारा 'आर्म'चा स्विच येतो. माझं ठाम मत आहे की तो होल्डच्याच जागी ठेवावा, कारण संकटात बोट तिथेच जातं आणि तीच सवय इथेही प्राण वाचवते. धडकणार असं दिसलं की लगेच डिसआर्म करा. फिरणारा प्रॉप गवतात किंवा फांदीत अडकला आणि मोटरला करंट जात राहिला तर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळतो.

एक फरक लक्षात असू द्या. हेलीत उंचावर होल्ड मारला तर पाती फिरत राहतात आणि ऑटोरोटेशनने ती खाली आणता येते. क्वाडचे प्रॉप हलके असतात, त्यांत साठवलेली ऊर्जा नगण्य. उंचावर डिसआर्म म्हणजे तो पडलाच.

म्हणजे ऑटोरोटेशन नाहीच?

नाही. एक मोटर बंद पडली तरी चार मोटरांचा साधा क्वाड तोल राखू शकत नाही. हेली उडवणाऱ्याला ही उणीव बोचते, मलाही बोचते.

फ्लायबारलेस युनिट आणि फ्लाइट कंट्रोलर एकच का?

सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत जायरो असतो, दोन्हींत पीआयडी (चूक मोजून ती सुधारत राहणारं गणित) असतं, आणि तुम्ही स्टिकने 'इतक्या वेगाने फिर' असं सांगता, किती कल हवा ते नाही. फ्लायबारलेस युनिट त्यासाठी सर्व्होकडून पात्यांचा कोन बदलून घेतं, फ्लाइट कंट्रोलर चार मोटरांचे वेग बदलतो. शेपटीचा गेन जास्त झाला की शेपटी कशी भराभर डोलते ते तुम्हाला माहीत आहे. क्वाडमध्ये गेन जास्त झाला की सगळं यंत्र तसंच थरथरतं आणि ते कानालाही ऐकू येतं.

कंपनांचा स्वभाव वेगळा आहे. ४५० आकाराच्या हेलीचं मुख्य चक्र मिनिटाला २५०० ते ३००० फेरे घेतं. पाच इंची क्वाडची मोटर पूर्ण थ्रॉटलला ३० हजारांच्या आसपास जाते. तिथली कंपनं हाताला जाणवत नाहीत, पण जायरोला जाणवतात आणि ती सॉफ्टवेअरमध्ये गाळली जातात. गाळणी नीट नसेल किंवा पीआयडीतला डी गेन फार चढवला असेल तर मोटर तापते. नव्या सेटिंगनंतर अर्धा मिनिट उडवून उतरवा, डिसआर्म करा आणि मोटरला बोट लावून बघा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर गेन कमी करा.

शेपटी नसताना तो वळतो कसा?

हेलीत मुख्य चक्राची प्रतिक्रिया शेपटीचा पंखा रोखून धरतो. क्वाडमध्ये दोन प्रॉप घड्याळाच्या दिशेने आणि दोन उलटे फिरतात, त्यामुळे प्रतिक्रिया एकमेकींना खोडतात. नाक वळवायचं असेल तर एका जोडीचा वेग वाढवायचा, दुसरीचा कमी करायचा. नाक वळवण्याची ही ताकद हेलीच्या शेपटीपेक्षा लेचीपेची असते. हेलीसारखं कडक, जागच्या जागी थांबणारं पिरुएट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मोटरांची दिशा चुकली तर क्वाड उडण्याऐवजी जागच्या जागी उलटतो. बीटाफ्लाइटच्या मूळ मांडणीत पहिली मोटर मागे उजवीकडे, दुसरी पुढे उजवीकडे, तिसरी मागे डावीकडे, चौथी पुढे डावीकडे. पहिली आणि चौथी घड्याळाच्या दिशेने, उरलेल्या दोन उलट. ही तपासणी प्रॉप काढूनच करायची.

अँगल मोडने सुरुवात करू की अ‍ॅक्रोने?

अ‍ॅक्रोने, म्हणजे आपोआप सपाट न होणाऱ्या मोडने. स्टिक सोडली की यंत्र आपोआप सपाट होतं तो अँगल मोड हेलीवाल्याला उलट गोंधळात टाकतो, कारण वर्षानुवर्षं त्याने स्वतःच सपाट केलेलं असतं. फ्लायबारलेस हेली आणि अ‍ॅक्रो क्वाड हाताला एकाच जातीची वाटतात. रेट, म्हणजे यंत्र फिरण्याचे वेग, थोडे उतरवून घ्या. बीटाफ्लाइटचा मूळ रेट सेकंदाला ६७० अंशांपर्यंत जातो, पहिल्या दिवसांना ४०० पुरे.

जुन्या बॅटऱ्या वापरता येतील का?

चार्जर नक्की वापरता येईल, बॅटऱ्यांचं तेवढं खात्रीने सांगता येत नाही.

४५० हेलीची ३एस (तीन सेलची) २२०० बॅटरी पाच इंची क्वाडला व्होल्टेजने कमी आणि वजनाने जास्त पडते. हा क्वाड ४एस १५०० किंवा ६एस ११०० ते १३०० वर उडतो. ६०० हेलीची ६एस ५००० बॅटरी एकटीच जवळपास सगळ्या क्वाडएवढी किंवा त्याहून जड भरते. ३एस पॅक मी मैदानावर १२ व्होल्टवर चालणारी छोटी सोल्डरिंग आयर्न तापवायला ठेवले आहेत आणि त्यांनी कितीतरी संध्याकाळी वाचवल्या आहेत.

बाकी नियम तेच. सेल ४.२ व्होल्टला भरलेला, ३.५ च्या आसपास उतरायचं, ठेवणीत ३.८. मात्र हेलीत टायमर लावून उडवायची सवय इथे अपुरी पडते, कारण क्वाड कधी अडीच मिनिटांत पॅक रिकामा करतो तर कधी सहा मिनिटं जातात. व्होल्टेजवर लक्ष ठेवा, ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या गॉगलच्या पडद्यावर ते दिसतं.

तयार घेऊ की स्वतः जुळवू?

हेलीचं डोकं उघडून डॅम्पर बदलणाऱ्याने स्वतःच जुळवावा. इथे बॉल लिंक आणि पिच गेजऐवजी सोल्डरिंग आहे, आणि तेवढंच खरं शिकायचं आहे. बॅटरीच्या जाड तारा आणि मोठे पॅड उष्णता शोषून घेतात, म्हणून जाड टोकाची, भरपूर वॉटची आयर्न हवी. बारीक टोकाने घासत बसलं तर पॅडच उचकटतो. बॅटरीच्या पॅडवर कमी ईएसआरचा (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावा, व्होल्टेजचे झटके तो पिऊन घेतो. पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये करंट रोखणारा स्मोक स्टॉपर ठेवा.

मोटरवरचे आकडे वाचायला शिका. २२०७ म्हणजे स्टेटर २२ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर उंच. केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे भाराविना किती फेरे. ६एसला साधारण १७०० ते १९५०, ४एसला २४०० ते २७०० केव्हीची मोटर लागते. हेलीत पिनियन बदलून जे साधायचो ते इथे केव्ही निवडताना साधावं लागतं, कारण मधे गिअरच नाही.

पडल्यावर किती मोडतं?

इथे क्वाड बाजी मारतो. हेली पडली की स्पिंडल, मुख्य पाती, मुख्य गिअर, बूम आणि बहुतेक वेळा एखादा सर्व्हो, आणि मग दोन रात्री टेबलावर. क्वाड पडला की प्रॉप. कधी कार्बनचा एक आर्म. पाच मिनिटांत पुन्हा हवेत. उलटा पडला असेल तर टर्टल मोडने मोटर उलट्या फिरवून तो जागच्या जागी सरळही करता येतो, चालत जावं लागत नाही.

म्हणूनच शिकण्याचा वेग वाढतो. हेलीत प्रत्येक नवीन प्रयोगाआधी मन कचरतं. क्वाडवर तेच प्रयोग एका बॅटरीत दहा वेळा करून बघता येतात, आणि तिथे मिळालेला धीर नंतर हेलीवरही उपयोगी पडतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी कितीतरी लवकर वळलो असतो.

क्वाड उलटा उडवता येईल का?

साध्या क्वाडवर क्षणभर. सॉफ्टवेअरमध्ये '३डी' मोड आहे, त्यात मोटर उलट्या फिरतात, पण दिशा बदलताना मोटर थांबून पुन्हा सुरू होते आणि त्या क्षणी ताबा सुटल्यासारखं वाटतं. पिच बदलणाऱ्या पात्यांचे क्वाडही झाले. हेलीचे नामवंत उड्डाणपटू कर्टिस यंगब्लड यांचा स्टिंगरे ५०० हा त्यातला सगळ्यात गाजलेला: एकच मोटर, पट्ट्यांनी जोडलेली चार चक्रं. तो मागे पडला, कारण त्यात हेलीचे सगळे नाजूक भाग चौपट होऊन परत आले. खरं थ्रीडी हवं असेल तर हेलीच.

ड्रोन स्वतःच उडतो, त्यात कौशल्य कसलं, असं मैदानावरचे जुने लोक म्हणतात. खरं आहे का?

जीपीएसवर थांबणारा कॅमेरा ड्रोन पाहून हे मत झालं असेल तर समजू शकतो. अ‍ॅक्रोमधला क्वाड त्यांच्या हातात द्या, मत बदलतं.

आणि चार चक्रांची कल्पना हेलिकॉप्टरच्या कुळातलीच आहे. ब्रेगे आणि रिशे यांचं चार चक्रांचं यंत्र फ्रान्समध्ये १९०७ साली जमिनीवरून उचललं गेलं, पण ते चारही बाजूंनी माणसांनी धरावं लागलं. एटिएन ओमिशेन यांनी ४ मे १९२४ रोजी त्यांच्या चार चक्रांच्या यंत्राने एक किलोमीटरची बंद फेरी पूर्ण केली. सिकॉर्स्की यांचं व्हीएस-३०० हेलिकॉप्टर त्यानंतर, १९३९ साली उडालं. चार चक्रं मागे पडली कारण त्यांचा तोल सतत सांभाळणं माणसाच्या हातापायांना पेलत नव्हतं. ते काम सेकंदाला हजारो वेळा करणारी चिप आली तेव्हा ती परतली. २०१० च्या सुमाराला छंदी मंडळींनी निन्टेंडो वीच्या कंट्रोलरमधले जायरो काढून मल्टीवी हे ड्रोन उडवणारं सॉफ्टवेअर उभारलं. बीटाफ्लाइटचं मूळ तिथेच सापडतं.

गॉगल लावून उडवायचं की डोळ्यांनी बघून?

आधी आठवडाभर डोळ्यांनी. हेलीला कॅनोपी आणि बूम असल्यामुळे दिशा लगेच कळते. क्वाड चारी बाजूंनी सारखा दिसतो, पंचवीस मीटरवर नाक कुठे हे कळत नाही. पुढचे प्रॉप वेगळ्या रंगाचे लावा आणि मागे एलईडी.

गॉगलमध्ये गेलात की दिशेचा प्रश्न मिटतो, नवा येतो तो कॅमेऱ्याच्या कलाचा. कॅमेरा २५ अंश वर कललेला असेल तर एका जागी थांबल्यावर आभाळच दिसतं आणि समोर बघायचं तर पुढे उडावंच लागतं. १५ अंशांपासून सुरू करा. सिम्युलेटरमध्येही हाच कल ठेवा. लिफ्टऑफ आणि व्हेलोसिड्रोन दोन्ही चांगले आहेत, आणि हेलीसाठी घेतलेलं रिअलफ्लाइट असेल तर त्यातही मल्टिरोटर आहेत.

जुन्या मंडळींना ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचे दिवस आठवत असतील, जेव्हा फ्रिक्वेन्सीची पिन घेतल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही असा दंडक होता. २.४ गिगाहर्ट्झने ती काळजी संपवली. अ‍ॅनालॉग व्हिडिओत ती परत आली आहे. बाकीचे हवेत असताना तुम्ही नुसती बॅटरी लावली तरी ५.८ गिगाहर्ट्झवर एखाद्याचं चित्र जाऊ शकतं. चॅनल विचारा, मगच बॅटरी लावा.

नियमांचं काय?

जिथे उडवता तिथले नियम स्वतः वाचा. अमेरिका, युरोपीय संघ आणि भारत इथे २५० ग्रॅम ही महत्त्वाची सीमारेषा आहे आणि १२० मीटर ही साधारण उंचीची मर्यादा. गॉगल लावलेला माणूस आजूबाजूचं काही पाहू शकत नाही, म्हणून शेजारी डोळ्यांनी लक्ष ठेवणारा साथीदार हवा. कित्येक ठिकाणी तो कायद्यानेच लागतो.

हेली विकून टाकू का?

नको. हेलीचं मोठं चक्र ज्या कमी ताकदीत वजन उचलतं आणि हवा कापताना जो आवाज करतं, त्याला पर्याय नाही. वर्षभर ती फडताळात राहणार असेल तर नीट ठेवा. मुख्य पाती काढून सपाट ठेवा, एकावर एक ओझं नको. नायट्रो असेल तर टाकी रिकामी करा, इंजिन उरलेलं इंधन संपेपर्यंत चालवा आणि आत आफ्टर-रन तेल सोडा. शेपटीला पट्टा असेल तर त्याचा ताण सैल करा. बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणून वेगळ्या, न पेटणाऱ्या पेटीत.

परत काढाल तेव्हा डोक्याचे डॅम्पर सुकलेत का बघा, स्पिंडलचे थ्रस्ट बेअरिंग उघडून ग्रीस भरा, वन-वे बेअरिंग हाताने फिरवून पकडतं का ते पाहा आणि प्रत्येक बॉल लिंक बोटांनी हलवून बघा. रेडिओत मॉडेल हेलीचंच निवडलं आहे ना, हे मोटरच्या तारा जोडण्याआधी दोनदा तपासा.